सेंतोसावरची एक खोली

भारतातून पाहुणे आले की आपल्यापैकी प्रत्येक कुटुंबाची एक फेरी सेंतोसाला होतेच. केबल कारमधून खाली समुद्र दिसतो, मुले सिलोसोच्या वाळूत खेळतात, आणि दुपारी झाडाखाली चादर अंथरून आपण घरून आणलेले डबे उघडतो. आम्हीही अनेक वर्षे असेच जात आलो. याच बेटावर एका माणसाला कोणताही गुन्हा सिद्ध न होता, किंबहुना कोणताही खटला न चालता, साडेतीन वर्षे एकाकी ठेवले होते, हे मात्र आम्हांला फार उशिरा कळले.

त्यांचे नाव चिया थाय पोह. ते नान्यांग विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत असत. १९६३ च्या निवडणुकीत 'बारिसान सोशॅलिस' या विरोधी पक्षातर्फे ते जुरोंगमधून निवडून आले. ऑक्टोबर १९६६ मध्ये त्यांना अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्ध करण्यात आले, तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या आसपास होते. ते तुरुंगातून बाहेर आले १७ मे १९८९ रोजी, म्हणजे जवळजवळ तेवीस वर्षांनी. आणि बाहेर आले ते थेट सेंतोसावर. तेथे रखवालदारासाठी बांधलेल्या एका खोलीत त्यांनी राहायचे होते. ते आता 'मुक्त' आहेत, या कारणास्तव त्या खोलीचे भाडेही त्यांनीच भरायचे होते. १९९२ मध्ये त्यांना मुख्य बेटावर परतण्याची परवानगी मिळाली. त्यांच्यावरील उरलेले निर्बंध उठायला नोव्हेंबर १९९८ उजाडले. एकूण बत्तीस वर्षे.

या बत्तीस वर्षांत सुटकेचा मार्ग त्यांच्यापुढे सतत खुला होता. आपण हिंसेचा मार्ग सोडत आहोत, अशा अर्थाच्या निवेदनावर सही करायची, एवढेच. त्यांनी ती कधीही केली नाही. त्यांचे म्हणणे साधे होते: जो मार्ग मी कधी धरलाच नाही तो सोडतो असे लिहून दिले, तर पूर्वी तो धरला होता अशी कबुली दिल्यासारखे होईल. नेल्सन मंडेला यांच्यावर निदान खटला चालला होता. आपल्यावरील आरोप काय, शिक्षा कशाची, हे त्यांना ठाऊक होते. चिया थाय पोह यांना न्यायालयात उभे राहून 'हे खोटे आहे' असे म्हणण्याची संधीही मिळाली नाही.

एका कायद्याचा प्रवास

विनाखटला स्थानबद्धतेची ही रीत सिंगापूरला ब्रिटिशांनी दिली. १९४८ च्या आणीबाणीच्या नियमांतून ती आली, १९५५ मध्ये सार्वजनिक सुरक्षेच्या अध्यादेशात स्थिरावली, आणि १९६३ मध्ये मलेशियाशी विलीनीकरण झाल्यावर मलायाचा १९६० चा अंतर्गत सुरक्षा कायदा येथेही लागू झाला. पोलिसांना तीस दिवसांपर्यंत कोठडी, त्यानंतर दोन वर्षांपर्यंतचा स्थानबद्धतेचा आदेश, आणि तो आदेश दर वेळी पुढे वाढवण्याची मुभा, अशी त्याची रचना आहे. प्रकरण पाहण्यासाठी सल्लागार मंडळ असते. परंतु उघड न्यायालय, साक्षीपुरावा आणि उलटतपासणी यांपैकी काहीही तेथे नसते. वाढवण्याला कमाल मर्यादा नसल्यामुळेच दोन वर्षांची तेवीस वर्षे होऊ शकली.

या इतिहासातील एक प्रसंग आपण विसरू नये असा आहे. १९५९ मध्ये ली कुआन यू यांच्या पक्षाने निवडणूक जिंकली. ब्रिटिशांनी डांबलेल्या आपल्या सहकाऱ्यांची सुटका झाल्याशिवाय सत्ता स्वीकारणार नाही, अशी भूमिका तेव्हा त्यांनी घेतली. त्या सहकाऱ्यांत कामगार चळवळीचे लोकप्रिय नेते लिम चिन सिओंग होते, आणि सी. व्ही. देवन नायरही होते. सहकारी सुटले, सरकार स्थापन झाले. पुढे पक्ष फुटला. २ फेब्रुवारी १९६३ रोजी पहाटे 'ऑपरेशन कोल्डस्टोअर' नावाची कारवाई झाली आणि शंभराहून अधिक माणसे पकडली गेली. त्यांत राजकीय कार्यकर्ते होते, कामगार संघटक होते, पत्रकार होते. लिम चिन सिओंग पुन्हा आत गेले. पत्रकार सईद झहारी सतरा वर्षे आत राहिले. लिम हॉक स्यू हे डॉक्टर १९८२ पर्यंत आत होते. देवन नायर यांनी मात्र ली यांची साथ धरली होती. ते राष्ट्रीय कामगार संघाचे प्रमुख झाले आणि १९८१ मध्ये सिंगापूरचे राष्ट्राध्यक्ष झाले.

एकाच कायद्याच्या दाराने एक जण राष्ट्राध्यक्षपदापर्यंत गेला आणि दुसरा पुन्हा कोठडीत. आत कोण आणि बाहेर कोण, हे त्याने काय केले यापेक्षा दाराची किल्ली त्या दिवशी कोणाच्या हाती आहे यावर ठरत असेल, तर त्याला न्याय म्हणता येत नाही. किल्लीवाला कितीही सज्जन असो.

ज्यांनी मोलकरणींची बाजू घेतली

२१ मे १९८७ रोजी सोळा जणांना त्यांच्या घरांतून उचलण्यात आले. महिन्याभरात आणखी सहा जण आत गेले. त्यांत तेओ सोह लुंग यांच्यासारख्या वकील होत्या, नाटकात काम करणारे तरुण होते, पदवीधर होते, आणि कॅथलिक चर्चच्या समाजकार्यात गुंतलेले अनेक जण होते. व्हिन्सेंट चेंग हे त्यांपैकी प्रमुख मानले गेले. ते चर्चच्या न्याय व शांती आयोगाचे सचिव होते. सरकारचा आरोप होता की हे सारे एका मार्क्सवादी कटाचे भाग आहेत आणि प्रस्थापित व्यवस्था उलथवण्याचा त्यांचा बेत आहे. ही कारवाई 'ऑपरेशन स्पेक्ट्रम' या नावाने ओळखली जाते.

ही माणसे प्रत्यक्षात करीत काय होती? त्यांच्यापैकी अनेकांचे काम गेलांग भागातील कॅथलिक कल्याण केंद्राभोवती चाले. परक्या देशांतून घरकामासाठी आलेल्या, विशेषतः फिलिपिन्सच्या स्त्रिया तेथे आधाराला येत. पगार अडवलेला, मारहाण झालेली, घरातून हाकललेली, अशा स्त्रियांना तेथे निवारा आणि सल्ला मिळे. विद्यार्थी व कामगार यांच्याशी बोलणे, पत्रके व नियतकालिके काढणे, नाटके बसवणे, विरोधी पक्षाला मदत करणे, हेही त्यांच्यापैकी काहींनी केले होते. खटला कोणावरही चालला नाही. दूरचित्रवाणीवर त्यांचे कबुलीजबाब दाखवले गेले. न्यायालयात तपासला न गेलेला जबाब देशाने घरोघरी बसून पाहिला.

वर्ष संपेपर्यंत बहुतेक जण सुटले. परंतु एप्रिल १९८८ मध्ये सुटलेल्यांपैकी नऊ जणांनी एक संयुक्त निवेदन काढले. आपण कोणत्याही कटात नव्हतो, झोप न देता, थंड खोलीत उभे करून, काहींना मारहाण करून जबाब घेण्यात आले, असे त्यात म्हटले होते. सरकारने हे आरोप नाकारले. निवेदनाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्यापैकी आठ जणांना पुन्हा अटक झाली. नववी व्यक्ती परदेशात होती. त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील फ्रान्सिस सिओ हे पूर्वी सिंगापूरचे सॉलिसिटर जनरल होते. मे १९८८ मध्ये त्यांनाही स्थानबद्ध करून बहात्तर दिवस ठेवण्यात आले.

प्रकरण अपील न्यायालयात गेले. ८ डिसेंबर १९८८ रोजी न्यायालयाने चौघांच्या सुटकेचा आदेश दिला. आदेशाच्या कागदपत्रांत आवश्यक ती पूर्तता सिद्ध झाली नाही, हे तात्कालिक कारण होते. परंतु त्याच निकालात न्यायालयाने एक मोठे तत्त्व सांगितले. सत्तेला वाटले एवढ्यावर कोणाला डांबता येणार नाही, त्या वाटण्याला वस्तुस्थितीचा आधार आहे की नाही हे न्यायालय तपासू शकते. ते चौघे सुटले आणि त्याच दिवशी नव्या आदेशांखाली पुन्हा पकडले गेले. जानेवारी १९८९ मध्ये संसदेने राज्यघटना आणि अंतर्गत सुरक्षा कायदा या दोहोंत दुरुस्ती करून असे तपासणे जवळजवळ बंद केले. तेओ सोह लुंग आणि व्हिन्सेंट चेंग यांची सुटका १९९० च्या जूनमध्ये झाली.

सरकार आजही आपल्या म्हणण्यावर ठाम आहे. तथापि सत्तेच्या वर्तुळातूनही शंका व्यक्त झाल्या. तेव्हा मंत्रिमंडळात असलेले एस. धनबालन पुढे पदावरून दूर झाले. या अटकांविषयीची अस्वस्थता हे त्याचे कारण होते, असे नंतर गोह चोक तोंग यांनीच सांगितले. आज राष्ट्राध्यक्ष असलेले थर्मन षण्मुगरत्नम यांनी २००१ साली एका मुलाखतीत म्हटले होते की, आपल्या माहितीप्रमाणे त्यांतील बहुतेक जण सामाजिक कार्यकर्ते होते, व्यवस्था उलथवायला निघालेले नव्हते.

आणि ज्या स्त्रियांसाठी हे कार्यकर्ते झटत होते त्यांचे काय झाले? घरकामगार स्त्रीला आठवड्याची सुटी मिळावी, हा नियम येथे १ जानेवारी २०१३ पासून आला. महिन्यातून किमान एक सुटी पैसे देऊनही टाळता येणार नाही, हा नियम २०२३ पासून आला. स्थलांतरित मजुरांसाठी आज उघडपणे काम करणाऱ्या संस्था या देशात आहेत, आणि त्यांचे काम मोलाचे आहे. परंतु त्या उभ्या राहण्यापूर्वी मध्ये बरीच वर्षे गेली. बावीस माणसे आत गेली तेव्हा बाहेरच्या हजारो माणसांनी धडा घेतला, की परक्या मोलकरणीची बाजू घेणे धोक्याचे आहे. विनाखटला स्थानबद्धतेचे खरे लक्ष्य आतला माणूस नसतोच. बाहेरचा माणूस असतो.

हीच रीत, दुसरा देश

कोणी म्हणेल, ही एका छोट्या देशाची जुनी गोष्ट आहे. तसे नाही. २०२२ मध्ये जिच्या मृत्यूनंतर इराणभर स्त्रिया रस्त्यावर आल्या ती जिना महसा अमिनी कुर्द होती, सक्केझ या गावची. त्याच सक्केझमध्ये महमूद सालेही नावाचे पाव भाजणारे एक कामगार राहतात. त्यांनी तेथल्या बेकरी कामगारांची संघटना बांधली. २००४ च्या कामगार दिनी, १ मे रोजी, सण साजरा करायला जमल्याबद्दल त्यांना सहकाऱ्यांसह अटक झाली, आणि पुढेही त्यांच्या वाट्याला पुनःपुन्हा तुरुंग आला. मोहम्मद सादिक कबूदवंद यांनी २००५ मध्ये कुर्दिस्तानच्या मानवाधिकारांसाठी संघटना स्थापन केली. २००७ मध्ये ते पकडले गेले. ही संघटना स्थापन करणे हेच राष्ट्रीय सुरक्षेविरुद्धचे कृत्य ठरवून त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. फरझाद कमांगर हे कुर्द शाळामास्तर आणि शिक्षक संघटनेचे कार्यकर्ते. त्यांना मे २०१० मध्ये फाशी देण्यात आली.

इराण आणि सिंगापूर एका मापाचे देश नाहीत. दोघांना एका पारड्यात टाकणे अन्यायाचे होईल. तरीही शब्द पाहावेत. बेकरी कामगारांची संघटना, मोलकरणींचा निवारा, मास्तरांची सभा यांचे भाषांतर प्रत्येक ठिकाणी 'सुरक्षेला धोका' असेच होते. जो दुबळ्याच्या बाजूला बसतो, तो कोणाच्या तरी इशाऱ्यावर बसला असणार, असे गृहीत धरले जाते. दुबळ्याला स्वतःचे दुःख स्वतःच कळते, हे सत्ताधाऱ्यांना पटत नाही. महाडच्या तळ्यावर आपले पूर्वज गेले तेव्हाही कोणीतरी त्यांना चिथावले, असेच म्हटले गेले होते.

समोरासमोर

आपण बुद्धाचे अनुयायी आहोत, म्हणून या प्रश्नाकडे धम्माच्या अंगानेही पाहू. विनयपिटकात संघातील तंटे मिटवण्याच्या सात रीती सांगितल्या आहेत. त्यांतील पहिली 'सम्मुखाविनय', म्हणजे समोरासमोर निर्णय. संघ समोर हवा, धम्म समोर हवा, विनय समोर हवा, आणि ज्याच्याविषयी निर्णय घ्यायचा ती व्यक्तीही समोर हवी. आरोप करणाऱ्याने आधी परवानगी मागायची, आरोप सांगायचा, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचे ऐकून घ्यायचे.

दब्ब मल्लपुत्तांची कथा यासाठीच वाचावी. राजगृहाच्या वेळुवनात आलेल्या भिक्खूंच्या निवासाची आणि भोजनाची व्यवस्था ते पाहत. वाट्याला हलके अन्न आले म्हणून मेत्तिय आणि भुम्मजक या दोन भिक्खूंनी राग धरला आणि त्यांच्यावर घोर आरोप रचला. भगवंतांना दब्ब कसे आहेत हे ठाऊक नव्हते असे नाही. तरी त्यांनी संघ जमवला, दब्बांना समोर बोलावले आणि विचारले, असे काही केल्याचे तुम्हांला स्मरते का. उत्तर ऐकले, आणि मगच निर्णय दिला. सर्वज्ञ मानलेल्या शास्त्यालाही आरोपीला विचारल्याशिवाय पुढे जावेसे वाटले नाही. निराधार आरोप करणे हाच विनयात गंभीर अपराध ठरला.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील अखेरच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खुसंघाच्या या कार्यपद्धतीची आठवण सभागृहाला करून दिली होती. लोकशाही आपल्याला नवी नाही, हे त्यांना सांगायचे होते.

बाबासाहेब आणि कलम २२

येथे एक अवघड गोष्ट आपण टाळू नये. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेतही विनाखटला स्थानबद्धतेला जागा आहे, आणि ती तरतूद सभागृहात मांडली ती स्वतः बाबासाहेबांनी. ज्यांना आपला वारसा नीट समजून घ्यायचा आहे त्यांनी हा प्रसंग झाकू नये. तो नीट वाचावा.

व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमात सुरुवातीला 'योग्य कायदेशीर प्रक्रिया' या अर्थाची व्यापक शब्दरचना होती. तिच्या जागी 'कायद्याने प्रस्थापित केलेली पद्धती' ही अरुंद रचना आली. १३ डिसेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी दोन्ही बाजूंचे धोके मांडले आणि निर्णय सभागृहावर सोडला. सभागृहाने अरुंद रचना स्वीकारली. जे गेले त्याची काही अंशी भरपाई व्हावी म्हणून त्यांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी कलम १५-अ मांडले. तेच आजचे कलम २२. अटकेची कारणे कळवणे, वकिलाचा सल्ला, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे, हे हक्क त्यात घातले गेले. स्थानबद्धता कायद्यांना देशाच्या तेव्हाच्या परिस्थितीमुळे जागा द्यावी लागली. पण तिलाही कुंपण घातले. कारणे कळवली पाहिजेत, निवेदन करण्याची संधी लवकरात लवकर दिली पाहिजे, आणि सल्लागार मंडळाच्या मताशिवाय सर्वसाधारणपणे तीन महिन्यांहून अधिक काळ ठेवता येणार नाही. बक्षी टेकचंद, ठाकूरदास भार्गव यांच्यासारख्या सदस्यांना हे कुंपण फार ठेंगणे वाटले, आणि त्यांनी कठोर टीका केली.

ती टीका अनाठायी नव्हती, हे पुढे दिसले. राज्यघटना लागू होऊन महिना उलटतो न उलटतो तोच १९५० चा प्रतिबंधात्मक स्थानबद्धता कायदा आला. कामगारांत काम केलेले कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन त्याखाली आत होते. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी त्यांच्या विरोधात निकाल दिला. १९७१ मध्ये 'मिसा' आला. आणीबाणीत २८ एप्रिल १९७६ रोजी न्यायालयाने नागरिकाचे दारच बंद केले. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना एकटे विरोधात राहिले. तो निकाल २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने मोडीत काढला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तीन महिन्यांची मुदत दोन महिन्यांवर आणण्याचे संसदेने मंजूर केले. ती तरतूद मात्र कोणत्याही सरकारने आजवर अमलात आणलेली नाही.

तरीही आमच्या मते यातून निघणारा धडा बाबासाहेबांच्या विरुद्ध जात नाही. जी सत्ता काढून टाकता येत नव्हती तिला त्यांनी कुंपण घातले, आणि कुंपण उंच करण्याचे काम पुढच्या पिढ्यांवर सोडले. २५ नोव्हेंबरच्याच भाषणात त्यांनी आपल्याकडून एक वचन घेतले: घटनात्मक मार्ग खुले असताना दुसरा मार्ग धरू नका. हे वचन एकतर्फी नाही. नागरिकाने न्यायालयाची पायरी सोडायची नाही, तर राज्याने त्या पायरीला कुलूप लावायचे नाही. खटल्याविना माणसे डांबणारे राज्य या करारातील आपली बाजू मोडते.

आपले वडीलधारे तुरुंगाला घाबरणारे नव्हते. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध मुंबईतील गिरणी कामगार संपावर गेले तेव्हा स्वतंत्र मजूर पक्ष पुढे होता. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केला तेव्हा बाया-माणसे मुलांना कडेवर घेऊन तुरुंगात गेली. पण त्या तुरुंगाला दार होते. आपण काय केले हे त्यांना माहीत होते, कायदा कोणता मोडला हे सरकारने सांगितले होते, आणि सुटकेचा दिवस येणार होता. स्थानबद्ध माणसाच्या भिंतीवर दिनदर्शिका नसते.

घरची गोष्ट

आता घराकडे पाहू. ३१ डिसेंबर २०१७ रोजी पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला शौर्यदिनासाठी जमलेल्या आपल्या लोकांवर हल्ले झाले. त्यानंतर ६ जून २०१८ पासून २०२० पर्यंत सोळा जणांना अटक झाली: विद्रोही मासिकाचे सुधीर ढवळे, नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग, प्राध्यापिका शोमा सेन, छत्तीसगडच्या कामगारांत आयुष्य घालवलेल्या वकील सुधा भारद्वाज, झारखंडचे वृद्ध फादर स्टॅन स्वामी, आणि प्राध्यापक आनंद तेलतुंबडे. बंदी असलेल्या माओवादी पक्षाशी संबंध असल्याचा तपास यंत्रणांचा आरोप आहे. परिषदेचे निमंत्रक आपणच होतो, असे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि बी. जी. कोळसे पाटील यांनी सांगितले होते.

हा कायदा, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, नावाने स्थानबद्धतेचा नाही. त्यात आरोपपत्र असते, न्यायालय असते. पण आरोप सकृद्दर्शनी खरा वाटतो एवढ्यावर जामीन नाकारता येतो, आणि खटला सुरूच झाला नाही तर माणूस वर्षानुवर्षे आत राहतो. ८ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सुधीर ढवळे आणि रोना विल्सन यांना जामीन दिला तेव्हा त्यांना आत जाऊन साडेसहा वर्षे झाली होती, आणि आरोपनिश्चितीही झालेली नव्हती. विल्सन यांच्या संगणकात कागदपत्रे बाहेरून घातली गेली, असा एका अमेरिकी तज्ज्ञ संस्थेचा अहवाल २०२१ मध्ये आला. तपास यंत्रणेने तो मानला नाही. खरे काय ते खटल्यातच ठरू शकते. तोच होत नाही.

सुधीर ढवळे यांच्यासाठी हा पहिला तुरुंग नव्हता. जानेवारी २०११ मध्ये वर्ध्याच्या आंबेडकरी साहित्य संमेलनाहून परतताना त्यांना अटक झाली होती. चाळीस महिन्यांनी, २०१४ मध्ये, न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. ते चाळीस महिने परत कोणी दिले नाहीत. स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, जामिनाची वाट पाहत कोठडीतच गेले. त्यांच्यापुरता खटला आता कधीच चालणार नाही.

बाबासाहेबांच्या नातजावयाने, आनंद तेलतुंबडे यांनी, तपास यंत्रणेपुढे शरणागती पत्करली तो दिवस होता १४ एप्रिल २०२०. ते तळोजा कारागृहातून जामिनावर बाहेर आले तो दिवस होता २६ नोव्हेंबर २०२२, संविधान दिन. या दोन तारखांच्या मध्ये एकतीस महिने आहेत. आपण दर वर्षी याच दोन तारखांना पुष्पहार वाहतो.

आपल्या घरातील प्रश्न

सिंगापूर सुरक्षित आहे, याचा लाभ आपण रोज घेतो. रात्री उशिरा आपल्या मुली शिकवणीवरून एकट्या घरी येतात. १९६४ च्या वांशिक दंगली या शहराने पाहिल्या आहेत. २००१ नंतर अंतर्गत सुरक्षा कायदा बव्हंशी दहशतवादाच्या संशयितांविरुद्ध वापरला गेला आहे. 'थोड्यांना आत ठेवल्यामुळे सर्वांना शांतता मिळत असेल तर बिघडले कुठे?' असे आपल्या बैठकांतही कोणी कोणी म्हणते. या प्रश्नाला हसून टाळू नये. उत्तर असे द्यावे: सुरक्षा हवी, पण तिचा हिशेब उघड्यावर हवा. मलेशियाने आपला तोच जुना कायदा २०१२ मध्ये रद्द केला. नवे कठोर कायदे आणले आणि त्यांवरही वाद आहेत; पण मुदतीविना डांबण्याचा तो विशिष्ट कायदा गेला, म्हणून देश बुडाला नाही. शिवाय 'थोड्यांचे बलिदान आणि सर्वांची शांतता' हे गणित आपण ऐकलेले आहे. गावाची शांतता गावकुसाबाहेरच्यांच्या गप्प बसण्यावर उभी होती, तेव्हा ते थोडे आपण होतो.

आपल्यापैकी बहुतेक येथे कामाच्या परवान्यावर आहेत. होंग लिम पार्कमध्ये निदर्शने करण्याची मुभा परदेशी नागरिकांना नाही, आणि आपण यजमान देशाचा कायदा पाळतो. मग आपल्या हाती काय उरते? फार थोडे, पण शून्य नाही.

पहिले आपल्या स्वयंपाकघरातले. आपल्यापैकी अनेकांच्या घरी इंडोनेशियाची, फिलिपिन्सची, म्यानमारची बाई काम करते. तिच्या पूर्वीच्या बहिणींसाठी बावीस माणसे आत गेली होती. तिची सुटी पूर्ण मिळते का, पगार वेळेवर मिळतो का, तिचा पासपोर्ट तिच्याच हाती आहे का, हे प्रत्येकाने स्वतःच्या घरात तपासावे. ज्या घरात भिंतीवर बाबासाहेब आहेत त्या घरात मोलकरणीला वेगळा पेला असू शकत नाही.

दुसरे वाचनाचे. तेओ सोह लुंग यांनी आपल्या कोठडीविषयी लिहिलेले पुस्तक २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. घटना समितीच्या १५ आणि १६ सप्टेंबर १९४९ च्या चर्चा मुक्तपणे उपलब्ध आहेत. रविवारच्या धम्मवर्गात मोठ्या मुलांबरोबर त्या वाचाव्यात. बाबासाहेबांवर सभागृहात झालेली टीकाही वाचावी. टीका ऐकून घेऊन उत्तर देणारे बाबासाहेब मुलांना कळले पाहिजेत.

तिसरे घरी भारतात. आपण मतदार आहोत, देणगीदार आहोत, कोणाचे भाऊ आणि कोणाच्या आत्या आहोत. आत असलेल्यांच्या कुटुंबांचा खर्च, मुलांची फी, वकिलांचे येणे-जाणे, यांत मदत करणे कायद्याने गुन्हा नाही. मदत रीतसर, पावतीसह, उघडपणे करावी. आणि खटला लवकर चालवा, एवढीच मागणी करावी. ती कोणाच्याही विरुद्ध नाही. आरोपी दोषी असेल तर तेही त्यातूनच कळेल.

पुढच्या वेळी पाहुण्यांना घेऊन सेंतोसाला जाल तेव्हा मुलांना पाण्याकडे पळू देण्यापूर्वी पाच मिनिटे बसवा. येथे एक शिक्षक राहत होते, असे सांगा. एका सहीने ते सुटले असते, पण ती सही खोटी ठरली असती म्हणून त्यांनी केली नाही, असेही सांगा. मुसावादापासून दूर राहण्याचे शील आपण रोज म्हणतो. मुले विचारतील, त्यांनी काय केले होते? तेव्हा खरे उत्तर द्या: ते आजवर कोणत्याही न्यायालयात कोणी सांगितलेले नाही.

नमो बुद्धाय. जयभीम.